लेखणी कोणाच्या हाती होती? कृष्णवर्णीय अमेरिकी कार्यकर्त्या स्त्रियांचे आत्मलेखन वाचण्याची एक पद्धत

गुलामगिरीतून निसटलेल्या, झुंडबळींविरुद्ध लिहिणाऱ्या आणि मतदार यादीत नाव घालायला गेल्याबद्दल घर गमावलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी स्त्रियांनी स्वतःविषयी जे लिहून ठेवले आहे, ते वाचायला घेताना मराठी वाचकाला सर्वांत आधी जुन्या इंग्रजीची धास्ती वाटते. ती अडचण खरी असली तरी लहान आहे. मोठी अडचण अशी की यांतली बरीचशी पुस्तके ज्या वाचकांपर्यंत पोहोचायची होती, ते वाचक गोरे होते आणि लिहिणाऱ्या बाईचा शब्द खरा मानण्याची त्यांची तयारी नव्हती. म्हणून या लेखनात आठवणींबरोबर पुरावे येतात, कोणा प्रतिष्ठित व्यक्तीची शिफारस येते आणि काही ठिकाणी ठरवून पाळलेले मौनही येते. नेहमीच्या आत्मचरित्रासारखे ते सलग वाचत गेलो तर हे सगळे हातातून निसटते. त्यामुळे बाई काय सांगते आहे हे पाहण्याबरोबरच लेखणी कोणाच्या हाती होती, तिच्या शब्दाची हमी कोणी घेतली आणि ती कोणाला उद्देशून बोलत होती, हे तीन प्रश्न प्रत्येक पुस्तकाला विचारावेत. पुढे सांगितलेली पद्धत या तीन प्रश्नांवर उभी आहे.

सुरुवात एका साक्षीपासून करावी

कालक्रमाने वाचायचे ठरवून १८३१ साली बॉस्टनमध्ये छापलेल्या मारिया स्ट्युअर्ट यांच्या पत्रकापासून सुरुवात केली, तर त्यातल्या धार्मिक भाषेत नवा वाचक अडखळण्याचा संभव आहे. माझ्या मते पहिले वाचन मिसिसिपीतल्या मतदानहक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांच्या साक्षीचे असावे. २२ ऑगस्ट १९६४ रोजी अटलांटिक सिटी येथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात, प्रतिनिधींची पात्रता ठरवणाऱ्या समितीपुढे त्यांनी ती दिली. ती काही पानांचीच आहे, तिचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे आणि भाषा अगदी साधी आहे.

वाचताना पहिल्याच वाक्यावर थांबावे. त्या आपले नाव ‘मिसेस’ लावून सांगतात, घराचा पत्ता सांगतात, मिसिसिपीतले रूलव्हिल गाव आणि सनफ्लॉवर काउंटी सांगतात आणि सिनेटर ईस्टलंड यांचे घर याच काउंटीत आहे, हेही त्यात जोडतात. दक्षिणेतले गोरे लोक कृष्णवर्णीय स्त्रीला कधी ‘मिसेस’ म्हणत नसत. तिला नुसत्या नावाने हाक मारली जाई, मग ती कितीही वयाची असो. तिथला सन्मान त्या स्वतःच स्वतःला देतात आणि तोही साऱ्या देशाच्या कॅमेऱ्यांपुढे देतात. ज्या गावात त्यांच्या जिवाला धोका होता, त्याच गावातला आपला पत्ता त्या उघड सांगतात, आणि आपल्या मतदानाच्या हक्काला विरोध करणारा बलाढ्य सिनेटर आपल्याच काउंटीतला आहे, हेही नोंदवून ठेवतात. एवढे सगळे एका वाक्यात आले आहे.

पुढचा मजकूर तारखा आणि अंतरे यांनी बांधलेला आहे. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी १८ जण २६ मैल प्रवास करून इंडियानोला येथील न्यायालयात मतदार नोंदणीसाठी गेले. त्याच दिवशी मळ्याच्या मालकाने अर्ज मागे घे, नाहीतर घर सोड, असे बजावले. हेमर त्या मळ्यावर १८ वर्षे राबत होत्या. जून १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना मारहाण झाली आणि त्यासाठी पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांनाच कामाला लावले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ऐनवेळी पत्रकार परिषद बोलावून दूरचित्रवाणीचे लक्ष दुसरीकडे वळवले, पण वाहिन्यांनी त्या साक्षीची चित्रफीत संध्याकाळी दाखवली. हा संदर्भ माहीत असला की तारखा इतक्या नेमक्या का आहेत ते कळते. साक्षीदाराला खोटे पाडायला टपलेली माणसे समोर असतील, तर तपशील अचूक हवाच. लिखित पाठ एकदा वाचावा, मग ध्वनिमुद्रण ऐकावे, कारण त्यांचा आवाज कुठे चढतो आणि कुठे थांबतो ते छापील पानावर येत नाही.

प्रस्तावनेला मजकुराइतकेच महत्त्व द्यावे

दुसरे वाचन हॅरिएट जेकब्ज यांच्या १८६१ सालच्या ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ या पुस्तकाचे असावे, आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. या सबंध परंपरेतले एकच पुस्तक नीट वाचणार असाल, तर ते हेच असावे असे माझे ठाम मत आहे.

मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नाही. निवेदिका स्वतःला लिंडा ब्रेंट म्हणवते आणि संपादक म्हणून लिडिया मारिया चाइल्ड या प्रसिद्ध गोऱ्या लेखिकेचे नाव आहे. आरंभी जेकब्ज यांचे निवेदन आहे, मग चाइल्ड यांची प्रस्तावना आहे आणि शेवटच्या पानांवर ओळखीच्या दोघांची प्रमाणपत्रे जोडली आहेत. घाईतला वाचक हे सगळे ओलांडून पहिल्या प्रकरणाकडे जातो. तसे करू नये. चाइल्ड यांना दोन गोष्टी पटवून द्यायच्या होत्या : गुलामगिरीत वाढलेली बाई इतके चांगले लिहू शकते, आणि उत्तरेतल्या सभ्य स्त्रियांनी लैंगिक छळाविषयी वाचणे अनुचित नाही. वाचकाच्या मनातला अविश्वास आणि संकोच किती मोठा होता, हे त्या खटपटीवरून मोजता येते.

चाइल्ड यांनी हस्तलिखितावर नेमके काय संस्कार केले, हेही पत्रांवरून कळते. जेकब्ज यांनी शेवटी गुलामगिरीविरुद्ध शस्त्र उचलणाऱ्या जॉन ब्राउन यांच्यावर प्रकरण लिहिले होते. ते गाळावे आणि आजीच्या मृत्यूने शेवट करावा, असे चाइल्ड यांनी सुचवले. म्हणजे सशस्त्र उठावाचा उल्लेख गेला आणि घरगुती दुःख राहिले. संपादनाची अशी एक जागा समजली की इतर ठिकाणीही आपण सावध होतो. त्याआधी जेकब्ज यांच्या वतीने ‘अंकल टॉम्स केबिन’ लिहिणाऱ्या हॅरिएट बीचर स्टो यांच्याशी संपर्क साधला गेला होता, तेव्हा स्टो यांना ती हकिगत आपल्या पुस्तकात वापरायची होती. जेकब्ज यांना ते मान्य झाले नाही, आणि त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. दिवसा त्या एका लेखकाच्या घरी मुले सांभाळत आणि त्याला कळू न देता रात्री लिहीत. छपाईचे फर्मे तयार झाल्यावर प्रकाशक बुडाला, तेव्हा त्यांनी ते विकत घेऊन पुस्तक स्वतःच काढले.

एवढे होऊनही विसाव्या शतकातल्या अनेक अभ्यासकांनी हे पुस्तक चाइल्ड यांचीच रचना किंवा कादंबरी मानले. जीन फेगन येलिन यांनी पत्रव्यवहार धुंडाळून लेखिका कोण ते सिद्ध केले आणि १९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्यांची सटीप आवृत्ती प्रसिद्ध केली. शक्य असेल तर तीच किंवा तिच्यावर आधारलेली आवृत्ती घ्यावी, कारण टिपांवाचून पुस्तकातला मालक डॉ. फ्लिंट म्हणजे नॉर्थ कॅरोलायनातील एडेंटनचे डॉ. जेम्स नॉरकॉम, हे कळत नाही.

दोन कागद शेजारी ठेवावेत

माझ्या दृष्टीने या पद्धतीचा गाभा इथे आहे. त्या स्त्रीने लिहिलेल्या पानाशेजारी त्याच घटनेचा दुसरा कोणताही कागद ठेवायचा आणि दोन्ही ओळीओळीने वाचायचे.

जेकब्ज १८३५ च्या जूनमध्ये पळाल्या. त्याच वर्षी नॉरकॉम यांनी नॉरफोकच्या ‘अमेरिकन बीकन’ या वृत्तपत्रात १०० डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली. वय २१, उंची ५ फूट ४ इंच, नैसर्गिक कुरळे पण विंचरून सरळ होणारे काळे केस, चांगली शिवणकाम करणारी, उत्तम कपडे वापरणारी आणि सफाईने बोलणारी असे तिचे वर्णन त्यात आहे. ही मुलगी काहीही ज्ञात कारण किंवा चिथावणी नसताना पळाली, असे पुढे म्हटले आहे. आता जेकब्ज यांनी पुस्तकात दिलेली जाहिरात काढावी. तिथे वय, उंची आणि केस तेच आहेत. बक्षीस ३०० डॉलर झाले आहे आणि एक वाक्य नवे आहे : हिला लिहिता-वाचता येते.

या दोन कागदांवर अर्धा तास घालवला तरी तो वाया जात नाही. मालकाने कारण नाही असे लिहिले. जेकब्ज यांचे जवळजवळ सबंध पुस्तक ते कारण सांगण्यासाठी आहे. मालकाने तिचे बोलणे, कपडे आणि केस नोंदवले, साक्षरता नोंदवली नाही; जेकब्ज यांनी ती नोंदवली, कारण ज्या गोष्टीमुळे त्या हे पुस्तक लिहू शकल्या, ती गोष्ट कागदावर असणे त्यांना महत्त्वाचे वाटले असावे. आकडा बदलला म्हणून पुस्तक खोटे ठरत नाही. वय आणि उंची इतकी जुळावी, यावरून त्यांची स्मृती किती पक्की होती ते दिसते, आणि बदललेल्या जागांवरून लेखिकेचा हेतू दिसतो.

पुढे आजीच्या घराच्या छपराखालच्या पोकळीत त्या जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. ती जागा ९ फूट लांब, ७ फूट रुंद आणि सर्वांत उंच भागात ३ फूट होती. उभे राहणे अशक्य होते आणि उजेड नव्हता. तिथे त्यांना एक गिरमिट सापडते, त्याने त्या भिंतीला भोके पाडतात आणि त्यांतून रस्त्यावर खेळणारी आपली मुले पाहतात. आई वर आहे हे मुलांना माहीत नसते. हे प्रकरण वाचताना जमिनीवर खडूने ९ बाय ७ फुटांचा चौकोन आखावा आणि तीन फुटांची उंची हाताने मोजून पाहावी, अशी माझी सूचना आहे. डोळ्यांनी वाचलेले माप आणि अंगाने घेतलेले माप यांत फार फरक पडतो.

शेजारी ठेवायचे दुसरे उदाहरण गुलामगिरीत जन्मलेल्या सोजर्नर ट्रूथ यांचे. ओहायोतील ॲक्रन येथे १८५१ साली स्त्रीहक्क परिषदेत त्यांनी केलेले भाषण ‘मी बाई नाही का’ या पालुपदामुळे जगभर माहीत आहे. पण परिषदेनंतर काही आठवड्यांतच मारियस रॉबिन्सन यांनी ‘अँटी-स्लेव्हरी ब्यूगल’ या पत्रात जो वृत्तांत छापला, त्यात ते पालुपद नाही. ते आले फ्रान्सिस गेज यांनी १२ वर्षांनंतर, १८६३ साली लिहिलेल्या आठवणीत. गेज यांनी ट्रूथ यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची बोली घातली; वस्तुतः ट्रूथ न्यूयॉर्क राज्यातल्या अल्स्टर काउंटीत वाढल्या आणि लहानपणी त्यांची भाषा डच होती. गेज यांनी त्यांना १३ मुले दिली. त्यांच्या स्वतःच्या निवेदनात ती पाच आहेत. दोन्ही पाठ कागदावर उतरवून घ्यावेत आणि ज्या ओळी दोन्हींत आहेत त्यांखाली रेघ ओढावी. शारीरिक श्रमाचा दावा, बुद्धीच्या लहान-मोठ्या मापाची उपमा आणि ख्रिस्ताच्या जन्मात पुरुषाचा वाटा नव्हता हा मुद्दा दोन्हींत सापडतो. तेवढा भाग बऱ्याच खात्रीने ट्रूथ यांचा मानता येतो, आणि तो पालुपदाविनाही पुरेसा धारदार आहे.

ट्रूथ यांना लिहिता येत नव्हते. १८५० चे त्यांचे निवेदन ऑलिव्ह गिल्बर्ट यांनी लिहून घेतले, आणि गिल्बर्ट मधूनमधून स्वतःची मते घालतात. वाचताना समासात साधी खूण करावी : ट्रूथ यांच्या आठवणीला एक, गिल्बर्ट यांच्या शेऱ्याला दुसरी. दहा-बारा पानांत दोन आवाज वेगळे ऐकू यायला लागतात. आपला मुलगा पीटर याला बेकायदा दक्षिणेत विकल्यावर ट्रूथ यांनी न्यायालयात जाऊन त्याला परत मिळवले, तो भाग या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे.

तीन साले लिहून ठेवावीत

प्रत्येक पुस्तकासाठी वहीच्या वरच्या कोपऱ्यात तीन साले लिहावीत : घटना कधी घडली, लिहिले कधी आणि छापले कधी. त्यांतले अंतर पुस्तकाविषयी फार काही सांगून जाते.

झुंडबळींविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांचे उदाहरण घेऊ. मिसिसिपीत १८६२ साली जन्मलेल्या वेल्स यांना रेल्वेच्या स्त्रियांच्या डब्यातून ओढून काढण्यात आले. कंडक्टरच्या हाताला आपण दात लावले, असे त्या निःसंकोचपणे लिहितात. त्यांनी दावा लावला, १८८४ साली ५०० डॉलरची भरपाई मिळाली आणि १८८७ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. ‘क्रुसेड फॉर जस्टिस’ हे आत्मचरित्र त्यांनी १९२८ साली लिहायला घेतले, १९३१ साली ते अपुरे टाकून त्या गेल्या, आणि मुलगी आल्फ्रेडा डस्टर यांच्या चिकाटीमुळे १९७० साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे घटना, लेखन आणि छपाई ही तिन्ही वेगवेगळ्या काळांत झाली. योगायोगाने त्यांची १८८५ ते १८८७ ची मेम्फिसमधली रोजनिशीही टिकली आहे आणि ती १९९५ साली छापली गेली. तिच्यात घरभाडे आहे, उसनवारी आहे, कपड्यांवरचा खर्च आहे, भेटायला येणारे तरुण आहेत. निकाल फिरल्याचे कळल्यावर ११ एप्रिल १८८७ रोजी त्यांनी लिहिलेल्या नोंदीत पंचविशीही न गाठलेल्या एका शिक्षिकेची निराशा आहे. साऱ्या समाजासाठी या खटल्याकडून केवढी आशा होती, असे त्या म्हणतात. आत्मचरित्रातल्या वेल्स तोवर अनुभवी योद्ध्या झालेल्या असतात. दोन्ही खऱ्या आहेत, पण आधी रोजनिशी आणि मग आत्मचरित्र असा क्रम ठेवला, तर ही मुलगी ती बाई कशी झाली ते दिसते.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना मार्च १८९२ मधली. मेम्फिसमध्ये ‘पीपल्स ग्रोसरी’ नावाचे किराणा दुकान चालवणाऱ्या टॉमस मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्ट्युअर्ट यांना तुरुंगातून काढून जमावाने ठार केले. त्यांचे दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याच्या आड येत होते. मॉस यांच्या मुलीच्या वेल्स धर्ममाता होत्या. झुंडबळी हे बलात्काराच्या गुन्ह्याला दिलेले शासन असते, हे समर्थन त्यांनी या घटनेनंतर तपासायला घेतले आणि ते मोडून काढले. मे महिन्यात त्यांच्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त झाले. त्या बाहेरगावी होत्या म्हणून वाचल्या. न्यूयॉर्कमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांनी सभा भरवून त्यांना ५०० डॉलर आणि लेखणीच्या आकाराची सोन्याची पिन दिली, आणि त्याच वर्षी ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका निघाली.

१८९५ ची त्यांची ‘अ रेड रेकॉर्ड’ वाचताना आकडे कुठून घेतले ते पाहावे. त्यांनी मुख्य आधार घेतला ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्या वृत्तपत्राचा, आणि मारेकऱ्यांना त्यांच्याच तोंडच्या शब्दांवरून दोषी ठरवू, असे स्पष्ट म्हटले. आपला शब्द मानला जाणार नाही हे ओळखून विरुद्ध पक्षाच्या कागदांतून खटला उभा करण्याची ही रीत आजच्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी.

त्याच हत्येविषयी मेरी चर्च टेरेल यांच्या १९४० च्या आत्मचरित्रातली पाने शेजारी ठेवावीत. मॉस त्यांचे लहानपणापासूनचे मित्र होते. त्या काळात टेरेल यांचे नवजात मूल गेले, आणि त्या लिहितात की मॉस यांच्या हत्येने आपल्या मनाची जी अवस्था झाली तिचा परिणाम पोटातल्या जिवावर झाला असता, या विचाराने आपण त्या मृत्यूशी हळूहळू समेट केला. वेल्स यांच्याकडे या हत्येचा लेखाजोखा मिळतो, टेरेल यांच्याकडे एका आईच्या शरीरापर्यंत पोहोचलेला तिचा धक्का मिळतो. एकच पुस्तक वाचून मेम्फिस समजले असे म्हणू नये, ते यासाठी.

तीन सालांची आणखी एक नोंद थोडक्यात. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली, त्याच रात्री महाविद्यालयात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांच्यासह बसवरच्या बहिष्काराची हजारो पत्रके सायक्लोस्टाइलवर काढली. त्यांची आठवण पुस्तकरूपाने आली १९८७ साली; बहिष्काराच्या काळात नोकरी सरकारी महाविद्यालयात होती आणि नाव बाहेर येणे परवडणारे नव्हते. त्या पत्रकाचा मूळ पाठ पाहा : त्यात पार्क्स यांचे नावच नाही, ‘आणखी एका स्त्रीला अटक झाली’ असे आहे. ‘आणखी एका’ यात आधीच्या अटका आल्या. रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची सूचना दिली होती. हे दोन कागद वाचले की दमलेल्या एका शिंपीणबाईच्या अचानक नकारातून चळवळ सुरू झाली, ही गोष्ट टिकत नाही. पार्क्स यांनी स्वतःही ती नाकारली होती. ‘माय स्टोरी’ या १९९२ च्या पुस्तकात त्यांनी म्हटले आहे की शरीराचा थकवा नव्हता, नमते घेण्याचा थकवा होता. त्या १९४३ पासून वर्णभेदविरोधी संघटनेच्या स्थानिक शाखेत चिटणीस म्हणून काम करत होत्या.

जे लिहिले नाही, त्याचाही मान ठेवावा

या लेखनात खासगी आयुष्याविषयी मौन पुष्कळ आहे आणि आजच्या वाचकाला ते खटकते. लैंगिक अत्याचाराच्या आणि बदनामीच्या सततच्या धाकात वावरणाऱ्या या स्त्रियांनी बाहेरून मोकळे दिसावे आणि आतले काही कोणाच्या हाती लागू नये, अशी वागण्याची एक रीतच घडवली, असे इतिहासकार डार्लीन क्लार्क हाइन यांनी १९८९ मध्ये मांडले. ही मांडणी लक्षात ठेवून वाचावे. जेकब्ज यांच्या दहाव्या प्रकरणात मालकाच्या तावडीतून सुटण्यासाठी दुसऱ्या गोऱ्या पुरुषाशी ठेवलेल्या संबंधाची कबुली येते. तिथे त्या थेट वाचकाशी बोलू लागतात, क्षमा मागतात आणि काही ओळींतच गुलाम स्त्रीला इतरांच्या मापाने मोजू नये, असे बजावतात. क्षमा आणि बजावणी एकाच परिच्छेदात का आली, हा प्रश्न त्या प्रकरणावर चर्चा सुरू करायला चांगला आहे.

शंभरहून अधिक वर्षांनंतर, १९६८ साली, ॲन मूडी यांनी ‘कमिंग ऑफ एज इन मिसिसिपी’मध्ये भूक, आईशी भांडण, चळवळीतल्या नेत्यांविषयीची निराशा हे सगळे उघड लिहिले. मे १९६३ मध्ये जॅक्सनच्या वूलवर्थ दुकानातल्या धरण्यात त्या बसल्या होत्या; जमावाने अंगावर ओतलेले केचप आणि मोहरीचे वर्णन त्यांच्याकडे आहे, आणि त्या प्रसंगाचे छायाचित्रही उपलब्ध आहे. अँजेला डेव्हिस यांनी १९७४ च्या आत्मचरित्राच्या प्रस्तावनेत मात्र खासगी साहसकथा लिहिण्याची आपली इच्छा नव्हती, असे सांगून राजकीय आत्मचरित्राचा आग्रह धरला. कोणी किती उघड बोलावे याचा एकच नियम या परंपरेत नाही, आणि वाचकानेही तो लादू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी

एकोणिसाव्या शतकातली बहुतेक पुस्तके प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या ‘डॉक्युमेंटिंग द अमेरिकन साउथ’ या संग्रहात विनामूल्य आहेत. दुसऱ्यात मूळ मुखपृष्ठे आणि पृष्ठांक मिळतात, म्हणून तो आधी पाहावा. जुनी वृत्तपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’त आहेत, रोझा पार्क्स यांचे कागदही त्याच ग्रंथालयाने खुले केले आहेत. विसाव्या शतकातली पुस्तके विकत घ्यावी लागतात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधावी लागतात.

भाषा अवघड वाटली तर हेमर, मूडी, वेल्स, जेकब्ज असा उलटा क्रम धरावा. ॲना ज्युलिया कूपर यांचे १८९२ चे ‘अ व्हॉइस फ्रॉम द साउथ’ शेवटी ठेवावे. ते निबंध आहेत, संदर्भांनी गच्च आहेत आणि दोन वाचने मागतात. मारहाणीची आणि हत्येची वर्णने सलग वाचू नयेत. अभ्यासवर्गात ती मोठ्याने वाचायची असतील तर आधी सांगावे, आणि कोणाला बाहेर जावेसे वाटले तर जाऊ द्यावे.

मराठी वाचकाची या विषयाशी जुनी नाती आहेत, पण ती जपून वापरावीत. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केले, आणि १९७२ साली दलित पँथरने आपले नाव ब्लॅक पँथरवरून घेतले. दलित स्त्रियांची आत्मकथने वाचलेल्या माणसाला जेकब्ज किंवा मूडी वाचताना पुष्कळ ओळखीचे भेटते. ते वहीत वेगळ्या पानावर लिहावे. मॉन्टगोमेरीचे मॉन्टगोमेरीत समजून घेतल्यावर तुलना करावी. आधी केली तर आपल्याला हवे तेवढेच दिसते. एक धागा मात्र त्या बाजूनेच आपल्याकडे येतो : पॉली मरे यांनी १९४० साली व्हर्जिनियात बसमधल्या विभक्त आसनांविरुद्ध अटक झाल्यावर तुरुंगात गांधीजींच्या सत्याग्रहाचे तंत्र वापरून पाहिल्याचे आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

ज्यांनी लिहिलेच नाही

शेवटी अशा स्त्रिया उरतात ज्यांच्या हाती लेखणी आली नाही किंवा ज्यांनी ती घेतली नाही. गुलामांना दक्षिणेतून पळवून उत्तरेत नेणाऱ्या हॅरिएट टबमन निरक्षर होत्या. १८६९ मध्ये सारा ब्रॅडफर्ड यांनी त्यांच्यावर लिहिलेल्या पुस्तकातून १९ फेऱ्या आणि ३०० माणसांची सुटका हे आकडे रूढ झाले. अलीकडच्या इतिहासकारांच्या हिशेबाने फेऱ्या सुमारे १३ आणि माणसे सुमारे ७० होती. टबमन यांच्या धैर्याला मोठ्या आकड्याची गरज नव्हती, म्हणून उद्धृत करताना लहान आकडाच घ्यावा.

एला बेकर यांनी अनेक दशके संघटना बांधल्या, १९६० मध्ये विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीला जन्म दिला आणि आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्यासाठी १९७० च्या दशकात घेतलेल्या मुलाखती ऐकाव्यात. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मौखिक इतिहास संग्रहात त्यांचे लिखित पाठही आहेत. इथेही तोच प्रश्न विचारायचा असतो, फक्त लेखणीच्या जागी प्रश्न घ्यायचा : मुलाखतकाराने काय विचारले, बेकर यांनी कोणता प्रश्न बाजूला सारून दुसऱ्याच गोष्टीला उत्तर दिले आणि त्या कुणाचे नाव घेऊन थांबल्या. पाठात अशा तीन-चार जागा खुणेने टिपून घ्याव्यात आणि त्या नावांपासून पुढचे वाचन सुरू करावे.